नोंद नसलेलं स्वयंपाकघर

मे महिन्याच्या वादळात तान एमेतेरियाच्या स्वयंपाकघराचं छप्पर उडालं, दोन भिंती गेल्या, आणि उरलेल्या दोन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कशाबशा तग धरून मग आपण होऊन आडव्या झाल्या. या घटनेची सरकारदप्तरी कुठेही नोंद नाही. यात कोणाचा हलगर्जीपणा झाला असं कृपया समजू नये. नोंद करण्यात तांत्रिक अडचण होती. मुळात स्वयंपाकघराचीच नोंद नव्हती.

पुंतान लागु गावात प्रत्येक घराला दोन स्वयंपाकघरं असतात. एक घराच्या आत. तिथे ओटा असतो, ओट्यावर प्लास्टिकची फुलं असतात आणि पाहुण्यांना पाणी द्यायला तिथे जातात. दुसरं बाहेर अंगणात, फळ्यांचं आणि पत्र्याचं. स्वयंपाक तिथे होतो. घराच्या नकाशात पहिलं दाखवतात, कारण दुसरं दाखवायला गेलं तर परवानगी लागते, आणि परवानगीचं पत्र हाती येईपर्यंत घरातली सून सासू झालेली असते.

तान एमेतेरियाचं बाहेरचं स्वयंपाकघर तिच्या नवऱ्यानं, तुन इनोसेन्सियोनं, दोन आठवडे खपून बांधलं होतं, आणि त्यातल्या प्रत्येक खांबावरून दोघांचं एकेक भांडण झालं होतं. त्या चुलीवर तिनं चाळीस वर्षं गावातली लग्नं, बारशी आणि मयतीची जेवणं रांधली. सत्तरी ओलांडल्यापासून ती सगळ्या गावाची ‘तान’ झाली होती. ज्या बाईला नुसत्या नावानं हाक मारायची कोणाची छाती होत नाही, तिला तान म्हणतात, आणि तशा पुरुषाला तुन. इनोसेन्सियो आदल्या नोव्हेंबरात गेला. येत्या नोव्हेंबरात त्याची वर्षाची रोझरी, म्हणजे वर्षश्राद्धाची प्रार्थना, होती. वर्षाच्या रोझरीला अख्खं गाव जेवतं, आणि ज्यांच्याकडे ती असते त्यांनी बाहेरून जेवण मागवलं तर गाव जेवतं, पण विसरत नाही.

जूनमध्ये वादळमदतीचा अधिकारी पाहणीला आला. तरुण होता, इस्त्रीच्या शर्टात होता, हातात नकाशाची गुंडाळी होती.

“पडलंय काय, तान?”

“स्वयंपाकघर.”

“कुठे आहे?”

“हे काय, तू उभा आहेस त्यातच.”

अधिकाऱ्यानं पायाखाली पाहिलं. काळी पडलेली जमीन होती आणि तीन दगड होते. “इथे तर काहीच नाही.”

“तेच सांगतेय बाळा.”

“पण काहीच नसेल तर नुकसान कशाचं लिहू?” त्यानं नकाशा उलगडून तिच्यापुढे धरला. “हे पाहा. नकाशात या ठिकाणी मोकळी जागा आहे. आणि प्रत्यक्षातही मोकळीच जागा आहे. म्हणजे वादळानं परिस्थिती नकाशाबरहुकूम केली. बऱ्याच ठिकाणी असं होत नाही.” आणि त्यानं तिच्या अर्जावर ‘नुकसान: निरंक’ असा शिक्का मारला. जाताना त्यानं आतल्या स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या फुलांचं कौतुक केलं. ती सुखरूप होती.

तान एमेतेरियानं मग सरकारचा नाद सोडला आणि प्लायवूडच्या मागे लागली. जुलैत प्लाय घेऊन जहाज येणार अशी बातमी होती. जहाज आलंही. ती दुसऱ्याच दिवशी किमच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली.

“प्लाय आलंय म्हणे?”

“आलं होतं, तान,” किम म्हणाला. “गेलं.”

“एका दिवसात? कुठे?”

किमनं दुकानाच्या दाराबाहेर, रस्त्याकडे हात केला.

निवडणुकीचं वर्ष होतं. आमचं बेट दूरच्या एका मोठ्या देशाच्या ताब्यात आहे, पण त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष आम्हाला निवडता येत नाही. बेटाचा गव्हर्नर तेवढा निवडता येतो, त्यामुळे मतदानाची सगळी हौस त्या एकाच माणसावर भागवली जाते. विमानतळापासून गावापर्यंत रस्त्याच्या डाव्या हाताला हिरव्या रंगात बेनिग्नो तायहेरॉन हसत होता आणि उजव्या हाताला नारिंगी रंगात फौस्तो किनेने हसत होता. दर चाळीस पावलांवर एकेक. चौकाचौकात कार्यकर्ते येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात हलवत उभे होते. तायहेरॉनच्या फलकावर लिहिलं होतं, ‘प्रत्येक कुटुंबाच्या डोक्यावर छप्पर.’ किनेनेच्या फलकावर लिहिलं होतं, ‘आधी छप्पर, मग बाकीचं.’ जहाजातून आलेलं सगळं प्लाय ही आश्वासनं लिहिण्यात खर्ची पडलं होतं.

तान एमेतेरिया एका फलकापुढे बराच वेळ थांबली. हात हलवणाऱ्या कार्यकर्त्यांना वाटलं, म्हातारी प्रभावित झाली. ती शीटा मोजत होती. आठ बाय चारच्या सहा, शिवाय मागे चांगल्या जाड लाकडाची चौकट.

गावचा मेयर तुन सिक्स्तो तिचा चुलतभाऊ लागत होता. तिनं त्याला विचारलं, तेव्हा त्यानं तिच्या भल्यासाठी खरं तेच सांगितलं. “मदत हवी असेल तर अर्ज कर. प्लाय हवं असेल तर पुतण्याला विचार.”

“कोणत्या?”

“रोकेला. तायहेरॉनच्या फलकांचं सगळं काम तोच बघतो.”

रोके हा इनोसेन्सियोच्या धाकट्या भावाचा मुलगा. तो दुसऱ्याच दिवशी सहा शीटा गाडीत घालून घेऊन आला. त्याची अट एकच होती.

“काकू, रंगवलेली बाजू बाहेर राहिली पाहिजे. रस्त्याकडे.”

“पावसाला काय, कुठलीही बाजू चालते.”

“पावसाला चालते गं. तायहेरॉनना चालत नाही.”

समोरच, रस्त्यापलीकडे, गावची शाळा होती आणि शाळेत मतदान केंद्र. रोकेला ही जागा फार आवडली. अडचण एवढीच की सहाही शीटा मिळून एकच मोठा चेहरा होता. कपाळ आणि केस छपराला गेले. डोळे पूर्वेच्या भिंतीत आले. हनुवटी उत्तरेला चुलीमागे लागली. राहिला प्रश्न धूर जायच्या खिडकीचा.

“कानात पाडतो,” रोके म्हणाला.

“कानात पाडलीस तर वारा उलटा येईल. तोंडात पाड.”

“काकू, ते बरं दिसत नाही.”

“तुला धूर डोळ्यात घेऊन भात शिजवायचाय का?”

खिडकी तोंडात पाडली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटली आणि बेनिग्नो तायहेरॉनच्या तोंडातून धूर निघू लागला. शाळेत जाणाऱ्या पोरांना ही उमेदवाराची पहिलीच गोष्ट मनापासून आवडली.

तासाभरात फेला येऊन थडकली. फेलिसितास, तान एमेतेरियाच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. किनेनेच्या प्रचारात मतदारयादी तिच्याकडे होती.

“मावशी, काय केलंस हे! अख्ख्या घराण्याच्या नावांपुढे मी टिक केलीय. तुझं धरून एकशे एकोणीस मतं. लोक काय म्हणतील मला?”

“फेला, ओरडू नकोस, भात लागेल.”

“किनेने तुझ्या लग्नात गिटार वाजवायला आले होते!”

“बेसूर वाजवली होती. आता ऐक. पूर्वेची बाजू झाली, छप्पर झालं. पाऊस दक्षिणेकडून येतो, आणि त्या बाजूला अजून कोणी उमेदवार नाही.”

फेलानं कमरेवर हात ठेवून दक्षिणेच्या उघड्या बाजूकडे पाहिलं. तिला राग होता तो मावशीचा की रोकेचा, हे तिचं तिलाही ठरवता आलं नसावं. दुपारी नारिंगी सहा शीटा आल्या. किनेनेच्या लोकांनी दक्षिणेची भिंत घातली, पश्चिमेची घातली, आणि उरलेल्या शीटेचं बिजागऱ्या लावून दार केलं. हिरव्या बाजूला पन्हळ नव्हती म्हणून त्यांनी नारिंगी बाजूला पन्हळ बसवली. ते कळताच रोकेनं येऊन खालची जमीन सिमेंटची करून दिली. आठवड्याभरात तान एमेतेरियाचं स्वयंपाकघर तुन इनोसेन्सियोनं बांधलं होतं त्यापेक्षा मजबूत झालं. तिला ते कबूल करायला जड गेलं. ती एक संध्याकाळ त्यात नुसतीच बसून राहिली आणि ज्या खांबांवरून भांडायला आता कोणी उरलं नव्हतं, ते खांब बघत राहिली.

गावानं मात्र यातून योग्य तो बोध घेतला. शेजारच्या बेर्ताचं स्वयंपाकघर वादळात अर्धं गेलं होतं. ती रोज सकाळी फाटकाशी उभी राहून, रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणू लागली, “माझं बाई अजून काही ठरत नाही. कधी हे बरे वाटतात, कधी ते.” तिला चार शीटा मिळाल्या. मग पलीकडच्या आळीतल्या तिघांचंही ठरेनासं झालं. सप्टेंबरच्या पाहणीत असं निघालं की बेटावरचे दर शंभरातले एकेचाळीस मतदार द्विधा मनःस्थितीत आहेत. रेडिओवर तीन तज्ज्ञांनी यावर चर्चा केली. समाजात मोठं वैचारिक मंथन सुरू आहे, यावर तिघांचं एकमत झालं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आनाक्लेतो माफनास आला. ‘प्रचारफलक अंतर व आकारमान नियंत्रण कक्ष’ त्याच वर्षी स्थापन झाला होता. कक्षात एक अधिकारी होता, तो माफनास, आणि एक टेप होती, ती शंभर फुटांची होती. त्यामुळे शाळेच्या फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंतचं अंतर त्यानं तीन टप्प्यांत मोजलं, भर उन्हात, रस्त्यावर गुडघे टेकून. अंतर दोनशे चौऱ्याऐंशी फूट भरलं. नियम तीनशेचा होता.

“तान, हा फलक हटवावा लागेल.”

“हा फलक नाही. स्वयंपाकघर आहे.”

“स्वयंपाकघर असतं तर नकाशात असतं.” नकाशा त्याच्याकडेही होता. “नकाशात इथे मोकळी जागा आहे. मोकळ्या जागेत उमेदवाराचा चेहरा उभा केला की तो फलक. आमच्याकडे याला दुसरा शब्दच नाही.”

“आणि आत भात शिजतोय तो?”

माफनासनं डोकावून पाहिलं. लाल भाताचं मोठं पातेलं होतं. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. “भात फलकात शिजतोय,” तो म्हणाला. “भाताला आमची हरकत नाही.”

“अरे, तू सोलेदादचा धाकटा ना?”

“हो, तान.”

“मग आधी जेव.”

माफनासनं गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात ठेवलं आणि जेवायला बसला. केलाग्वेन दोनदा घेतलं. त्यातल्या भाजक्या कोंबडीला लिंबू अगदी बेतानं लागलंय असं म्हणाला. आई गेल्यापासून असं खाल्लं नव्हतं असंही म्हणाला, आणि हे म्हणताना त्याचा आवाज खरोखर बदलला. मग हात धुऊन त्यानं ओळखपत्र पुन्हा गळ्यात घातलं आणि नोटीस बजावली.

नोटिशीत तीन पर्याय होते. फलक काढणे, फलक सोळा फूट मागे सरकवणे, किंवा फलक झाकणे. काढायचं तर रोझरी तोंडावर आली होती. सोळा फूट मागे सरकवलं तर चूल बेर्ताच्या डुकरांच्या वाड्यात जात होती. झाकायला ताडपत्री हवी, तर गावातल्या झाडून सगळ्या ताडपत्र्या प्रचारात वाटलेल्या, आणि प्रत्येकीवर कोणाचं ना कोणाचं नाव. रंग लावायचा म्हटलं तर पांढरा रंग निवडणुकीआधी सरकारी कचेऱ्या रंगवण्यात संपला होता. किमकडे दोनच रंग शिल्लक होते. एक हिरवा, एक नारिंगी.

शेवटी तिनं रोके आणि फेला दोघांना बोलावलं. दोघं एकमेकांशी एक शब्द न बोलता दिवसभर राबले आणि सगळ्या शीटा उलट्या करून लावल्या. छपराची धरून. बाहेरून आता कोरं लाकूड दिसत होतं. चेहरे आत गेले.

माफनास पुन्हा आला. त्या दिवशी एका बारशाचं जेवण होतं.

“आत किती बायका आहेत?”

“अकरा.”

“अकरा जणी. बंद जागा. भिंतीवर उमेदवारांची छायाचित्रं.” त्यानं उसासा टाकला. “तान, ही प्रचारबैठक झाली. हिला दोन दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते.”

तेव्हापासून तान एमेतेरिया दर स्वयंपाकाआधी दोन दिवस अर्ज भरू लागली. बैठकीचा विषय: लाल भात. अपेक्षित उपस्थिती: अकरा. प्रमुख वक्ता: बेर्ता, ती थांबतच नाही. अर्ज मंजूर होत गेले, पण दोन्ही उमेदवारांना समान संधी मिळते आहे की नाही हे पाहणं कक्षाला बंधनकारक होतं. भाताची चूल किनेनेच्या बाजूला होती आणि भाताला वेळ जास्त लागतो. तायहेरॉनच्या लोकांनी रीतसर तक्रार केली. मग माफनास हातात घड्याळ घेऊन आत बसू लागला. बारा मिनिटं झाली की तो म्हणायचा, “बाजू बदला,” आणि अकरा बायका डाव हातात घेऊन पूर्वेकडे वळायच्या. तिसऱ्या आठवड्यात बायकांनी त्याच्या हातात नारळ खोवायला दिला, कारण नुसतं बसलेलं माणूस स्वयंपाकघरात बरं दिसत नाही.

तरीही हे चालण्यासारखं नव्हतं. राजधानीतून लेखी आदेश आला की सदर बांधकाम पाडावे. पाडायला बांधकाम खात्याची परवानगी लागते. माफनास तिथे गेला. तिथल्या कारकुनानं नकाशा पाहिला आणि नम्रपणे विचारलं, “जे बांधलेलंच नाही, ते पाडायची परवानगी मी कशी देऊ?” माफनासनं हा प्रश्न वहीत उतरवून घेतला. त्यानं तसं वर कळवलं. स्वयंपाकघर हलत नाही आणि अंतर तर तीनशे फूट हवंच, तेव्हा वरच्यांनी शांतपणे विचार करून दुसरं टोक हलवलं. ‘मतदारांच्या सोयीसाठी’ पुंतान लागुचं मतदान केंद्र सात मैलांवर, डोंगरापलीकडच्या गावात हलवण्यात आलं.

सूचना शाळेच्या फाटकावर लागली त्या दिवशी बेर्ता तणतणत आली.

“एमे, तुझ्या चुलीपायी आम्ही सात मैल जायचं? म्हाताऱ्या माणसांनी?”

“मी सांगितलं का त्यांना केंद्र हलवायला?”

“तू नाही सांगितलंस. पण तुझी चूल नसती तर हे झालं असतं का?”

चाळीस वर्षांत गावानं तान एमेतेरियाच्या चुलीबद्दल वाकडा शब्द काढला नव्हता. त्या दिवशी दुकानात दोघी-तिघी तिला पाहून पटकन पाठमोऱ्या झाल्या. घरी आल्यावर ती पदर खोचतात तसा झग्याचा घोळ कमरेला खोचून, पहार घेऊन सरळ दक्षिणेच्या भिंतीला भिडली. पहिला खिळा निघाला आणि फेला धावत आली.

“मावशी, थांब! प्रचाराचं साहित्य आहे ते. निवडणुकीआधी त्याची मोडतोड केली तर गुन्हा आहे.”

“माझ्या अंगणात आहे!”

“अंगण तुझं. भिंत किनेनेंची.”

ती रस्त्याकडून वळून पूर्वेच्या भिंतीशी गेली, तर तिथे रोके उभा होता. त्यानं मान हलवली. “काकू, नको. मलाच तक्रार करावी लागेल.”

तान एमेतेरियानं पहार खाली टाकली आणि सिमेंटच्या जमिनीवर बसली. तिच्या स्वयंपाकघराला कायदेशीरपणे राहता येत नव्हतं, सरकारला ते पाडता येत नव्हतं आणि तिला ते मोडता येत नव्हतं. रोके आणि फेला दोन बाजूंना उभे राहिले. दोघांनाही वाईट वाटत होतं. दोघंही तिला पाणी आणायला एकाच वेळी वळले आणि दारात एकमेकांवर आपटले, आणि त्या सबंध वर्षात दोघं पहिल्यांदा बोलले ते तिथे. “सरक,” फेला म्हणाली. “तूच सरक,” रोके म्हणाला.

मतदानाच्या दिवशी व्हायचं ते उलटंच झालं. सात मैलांवर लोक जाणार नाहीत या धास्तीनं दोन्ही पक्षांनी गावात इतक्या गाड्या पाठवल्या की माणसं कमी पडली. तुन सिक्स्तो एकदा हिरव्या गाडीतून गेला आणि परत येताना फेरफटका म्हणून नारिंगी गाडीतून आला. ज्या दोन म्हाताऱ्या गेली वीस वर्षं मतदानाला बाहेर पडल्या नव्हत्या, त्यांना खुर्चीसकट उचलून नेलं. गावात शंभरातल्या सत्त्याण्णव लोकांनी मतदान केलं. रेडिओवरच्या त्याच तीन तज्ज्ञांनी मतदारांच्या जागरूकतेला सलाम केला. डोंगरापलीकडे फिरून आल्यावर बेर्ताचा राग निवळला होता, कारण तिथे तिला तिची मावसबहीण भेटली होती आणि दोघींनी अर्ध्या गावाची उणीदुणी काढून घेतली होती. तान एमेतेरियाही गेली. तिनं कोणाला मत दिलं हे तिनं सांगितलं नाही. फेलाच्या यादीत तिच्यापुढे टिक आहे, रोकेच्या यादीतही आहे.

निकाल लागला. कोणीतरी जिंकलं, फटाके फुटले, आणि तान एमेतेरिया रोझरीच्या तयारीला लागली. रोझरी निवडणुकीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी होती. तिनं मांस सांगून ठेवलं, लाल भातासाठी अचोटीच्या बिया भिजत घातल्या, लाकडं रचली.

आदल्या शुक्रवारी सकाळी आठला तीन ट्रक आले. अकरा कामगार उतरले. निवडणूक झाल्यापासून दहाव्या दिवसापर्यंत सर्व प्रचारफलक काढावेत असा नियम होता, आणि बेटावरच्या सरकारी कामांत हे एकच काम असं आहे की ते आजवर एक दिवसही लांबलं नाही. चाळीस मिनिटांत छप्पर उतरलं, भिंती उतरल्या, दार बिजागऱ्यांसकट गेलं. कामगार सभ्य होते. पातेली त्यांनी नीट बाजूला काढून ठेवली.

माफनास बाजूला उभा होता. त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

“अरे आनाक्लेतो, पाडायला परवानगी लागत होती ना?”

“ती बांधकाम पाडायला, तान. हे फलक काढणं आहे.”

“आणि हे सगळं प्लाय नेता कुठे?”

“सरकारी गोदामात. वादळग्रस्तांना वाटायचं आहे.”

“मग मला दे. मी वादळग्रस्तच आहे.”

माफनासनं यादी काढली, चष्मा लावला, दोनदा खालीवर पाहिलं. तो मनापासून शोधत होता. “तान, यात ज्यांच्या नुकसानीची नोंद आहे त्यांचीच नावं आहेत. तुमचं नुकसान निरंक आहे.”

“उद्या इनोची रोझरी आहे,” ती एवढंच म्हणाली.

“माहीत आहे,” तो म्हणाला. “सकाळी लवकर येतो. नारळ मी खोवीन.”

आणि तो खरंच आला, ओळखपत्र घरी ठेवून. त्याच्याआधी बेर्ता आली, आपली पातेली, आपला पोळपाट आणि आपल्या दोन सुना घेऊन, आणि आल्या आल्या म्हणाली, “मिरची तिखट आहे ना? गेल्या वेळी मिळमिळीत होती.” रोकेनं लाकडं फोडली. फेलानं तितियासच्या जाड भाकऱ्या थापल्या. उघड्या अंगणात पाच चुली मांडल्या. मध्येच पावसाची सर आली, तेव्हा बायकांनी भाताच्या पातेल्यांवर छत्र्या धरल्या आणि आपण भिजल्या. तान एमेतेरिया ओल्या केसांनी, धुरानं लाल झालेल्या डोळ्यांनी ढवळत राहिली. रडतेस का, असं कोणी विचारलं असतं तर धूर होताच.

संध्याकाळी रोझरी झाली. नवा गव्हर्नर आला. तो प्रत्येक रोझरीला येतो. निवडणुकीआधी तर तो अनोळखी मृतांच्याही रोझरीला जात असे. तो पोटभर जेवला. केलाग्वेनची फार तारीफ केली, आणि घरी न्यायला बांधून दिलेलं ताट त्यानं स्वतःच्या हातानं गाडीत ठेवलं. निघताना त्यानं तान एमेतेरियाचा हात नाकाला लावून थोरामोठ्यांना करतात तसा नमस्कार केला.

“तान, काही अडचण असेल तर सांगा. आता संकोच करू नका.”

तान एमेतेरियानं त्याच्याकडे नीट पाहिलं. एवढ्या जवळून तो चेहरा ती चार महिने रोज पाहत होती. त्याच्या हनुवटीला काजळी लागलेली नव्हती, हे तिला जरा चमत्कारिकच वाटलं.

“माझं काम झालं,” ती म्हणाली. “जेवण पुरलं.”

ही हकीकत मी आतापर्यंत पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे. लोक रंगून ऐकतात. माफनासच्या टेपला हसतात, रोकेला आणि फेलाला नावं ठेवतात, सरकारला शिव्या घालतात. आणि गोष्ट संपली की एकजात सगळे पुढे सरसावून मला एकच विचारतात: पण मग जिंकलं कोण? तायहेरॉन की किनेने? तान एमेतेरिया आता पावसात कुठे रांधते, असं विचारणारा मला अजून भेटलेला नाही. तुमच्याविषयी माझा फार चांगला ग्रह होता, पण जिंकणाऱ्याचं नाव कुठे सापडतंय का, म्हणून तुम्ही आत्ता मागच्या दोन परिच्छेदांवरून जी नजर फिरवलीत, ती मी पाहिली.